किल्ल्याच्या गावात एक वर्ष आळीचा कारभार

मार्चच्या शेवटच्या रविवारी सकाळी शेजारच्या आजी दारात आल्या. हातात तांदळाच्या बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मला वाटलं खाऊ आणलाय. त्यांनी झाकण उघडलं आणि एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. वर्गणीची वही, पावतीपुस्तक, शाईचा पॅड, बारा घरांची यादी आणि कचऱ्यावर टाकायची जाळी ठेवतात त्या कपाटाची किल्ली. “एप्रिलपासून तुमच्या घराची पाळी,” आजी म्हणाल्या. “माझं घर बारावं. माझ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि पहिलं घर तुमचं.”

मात्सुमोतोला येऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नवरा इथल्या शिन्शू विद्यापीठात संशोधन करतो, मी घरून भाषांतराची कामं करते. या शहरात मला मत नाही. परदेशी नागरिकाला जपानमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीतही मत देता येत नाही. आळीच्या कारभाराची पाळी मात्र घरावर येते आणि घरात कोण राहतं हे ती विचारत नाही. मी डबा ठेवून घेतला. त्या वर्षाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी हे शहर नक्की कुठे आणि कसं वसलंय ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

जपानच्या मुख्य बेटाच्या मधोमध, नागानो प्रांतात, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या एका सपाट खोऱ्यात मात्सुमोतो आहे. समुद्रसपाटीपासून उंची सहाशे मीटरच्या आसपास, वस्ती दोन लाख चाळीस हजारांच्या घरात. पश्चिमेला ‘उत्तर आल्प्स’ या जपानी डोंगरांची रांग, त्यात ओकुहोताका ३,१९० मीटर आणि यारी ३,१८० मीटर. पूर्वेला उत्सुकुशिगाहाराचं पठार. गावातून वाहणारी मेतोबा आपल्याकडच्या ओढ्याएवढीच, पण तिचं पाणी नारायी, साई अशा नद्यांमधून शेवटी जपानच्या सर्वांत लांब शिनानो नदीला मिळतं आणि थेट जपानच्या समुद्रात जातं. आणि गावाच्या मध्यभागी, पाण्यात उभा असल्यासारखा, काळा किल्ला.

मी सातारची. डोक्यावर अजिंक्यतारा घेऊनच मोठी झाले, त्यामुळे किल्ला म्हटलं की मान आपोआप वर जाते. इथे स्टेशनवरून चालत निघाले, चौक ओलांडला आणि किल्ला समोर रस्त्याच्या पातळीवर. भुईकोट! मागे एवढे डोंगर असताना किल्ला खाली दलदलीत का बांधला, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. त्याचं उत्तर मिळालं ते पुढे, हातात फावडं घेतल्यावर.

पण त्याच्या आधीची पायरी नगरपालिकेतली. जपानमध्ये घर घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत तिथल्या नगरपालिकेत जाऊन नाव लावावं लागतं. अर्ज, निवासपत्र, पासपोर्ट, नवराबायकोचं नातं दाखवायला लग्नाचा दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर. नाव लागलं की रहिवासी दाखला मिळतो, आरोग्यविम्याची नोंद होते आणि बारा आकडी क्रमांकाचं पत्र पोस्टाने घरी येतं. परदेशी लोकांची नावं जपानी लोकांच्याच नोंदवहीत, म्हणजे ‘जुमिनहयो’त यायला लागली ती २०१२ पासून. त्याआधी त्यांचं दप्तर वेगळं असायचं. खिडकीवरच्या बाईंनी छापलेला कागद माझ्यापुढे सरकवला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून “बरोबर आहे ना?” असं विचारलं. घाई नाही, वैताग नाही. त्या कागदावर माझ्या नावासमोर ‘मात्सुमोतो शहर’ लिहिलेलं पाहून बरं वाटलं, एवढं खरं.

ही नगरपालिका किल्ल्याला अगदी खेटून आहे. १९५९ साली बांधलेली साधी इमारत, वरच्या मजल्यावरून किल्ला समोर दिसतो. पत्ता ‘मारुनोउची’. मारु म्हणजे किल्ल्याचं वेढलेलं आवार. होनमारु हा आपला बालेकिल्ला, त्याच्या बाहेर निनोमारु, त्याच्याही बाहेर सान्नोमारु, आणि मध्ये मध्ये खंदक. मारुनोउची म्हणजे ‘मारुच्या आत’. जिथे आज लोक दाखल्यांसाठी रांगेत उभे राहतात तिथे एके काळी सामुराईंचे वाडे होते. एकदा हे कळलं की शहराचे पत्तेच बोलायला लागतात. ‘ओते’ म्हणजे महादरवाजाचा भाग. ‘जोतो’ किल्ल्याच्या पूर्वेचा, ‘जोसेई’ पश्चिमेचा. ‘फुकाशी’ हे किल्ल्याचं जुनं नाव, खोल जमीन असं सुचवणारं. साताऱ्यात सोमवारपासून रविवारपर्यंत पेठा आहेत. इथे पेठांना म्हणतात ‘माची’. होनमाची, नाकामाची आणि हिगाशीमाची या तीन मूळ पेठा, त्यांना फुटलेल्या दहा उपपेठा आणि चोवीस बोळ, अशी व्यापाऱ्यांची वस्ती झेन्कोजी मंदिराच्या तीर्थरस्त्याला धरून वसवलेली. पुढे पत्त्यांची नवी पद्धत आली आणि आमच्या भागाला ‘चूओ’, म्हणजे नुसतंच ‘मध्य’, असं नाव पडलं. जुनी नावं आता रस्त्याच्या कडेला दगडांवर कोरून उभी आहेत. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र अजून तीच नावं आहेत, आणि मला ती फार आवडतात.

आता कारभाराची उतरंड. दहा-पंधरा घरांचा एक ‘तोनारिगुमी’, शेजारगट म्हणूया. असे काही गट मिळून ‘चोकाई’, म्हणजे आळीचं मंडळ. शहरात अशी मंडळं चारशे ऐंशीच्या आसपास आहेत. ती एकत्र येतात ३५ विभागांत, आणि प्रत्येक विभागाला स्वतःचं ‘कोमिनकान’, लोकांचं सभागृह म्हणा. त्याच्यावर नगरपालिका, चार वर्षांसाठी थेट निवडून आलेला महापौर आणि ३१ सदस्यांची सभा. गटाची कारभारीण म्हणून मी या उतरंडीच्या अगदी तळाला, आणि शहराचा सगळा कागद शेवटी तळापर्यंत येतो. शहराचं माहितीपत्रक बारा पेट्यांत टाकायचं. वर्गणी गोळा करून आळीच्या खजिनदारांकडे द्यायची. कचऱ्याच्या जागेची जाळी, झाडू, पाट्या बघायच्या. आणि ‘काइरानबान’ फिरवायचं.

काइरानबान म्हणजे एक जाड पुठ्ठ्याचा फलक, त्याला चिमट्यात अडकवलेल्या सूचना आणि वर बारा चौकोनांचा कागद. वाचायचं, आपल्या चौकोनात शिक्का मारायचा, पुढच्या घरी न्यायचं. फोनवर निरोप टाकला की काम होतं असं मला आधी वाटायचं. चूक मला महागात पडली ती पहिल्याच महिन्यात. फलक माझ्या टेबलावर भाषांतराच्या कागदांखाली चार दिवस राहिला आणि त्यात ‘सेगी’ साफ करायच्या दिवसाची सूचना होती. शेवटच्या दोन घरांपर्यंत ती रविवारपर्यंत पोहोचलीच नाही. त्यांपैकी एक आजोबा साडेआठला धापा टाकत बूट चढवून आले आणि उशीर झाला म्हणून सगळ्यांची माफी मागायला लागले. चूक माझी होती. मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं आणि वाकून क्षमा मागितली. कुणी काही बोललं नाही, एकाने माझ्या हातात फावडं दिलं. त्या दिवसापासून फलक आला की तासाभरात पुढे जातो.

सेगी म्हणजे पाण्याचा पाट. हा शब्द या खोऱ्यातला आहे. टोकियोचे लोक ऐकून थबकतात. आमच्या घरांच्या मागून हातभर रुंदीचा दगडी सेगी वाहतो. एप्रिलच्या रविवारी सकाळी आठला बाराही घरांतून एकेक जण गुडघ्याएवढे बूट घालून उतरतं. वरच्या अंगाला फळी टाकून पाणी अडवायचं, तळातला गाळ फावड्याने ओढायचा, पानं, डहाळ्या, एखादी बाटली, कुणाची तरी बाहुली, सगळं पोत्यात भरायचं. पाणी इतकं गार की दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. त्या गाळात वाकून असताना चोकाईच्या प्रमुखांनी मला किल्ला खाली का आहे ते समजावलं. पूर्वेच्या डोंगरांतून सुसुकी आणि मेतोबा या नद्या गाळ आणून पंख्यासारखा पसरवतात. डोंगरात मुरलेलं पाणी त्या गाळाखालून वाहतं आणि पंख्याच्या टोकाला जमीन सपाट झाली की वर उसळतं. शहर नेमकं त्या टोकावर बसलंय. म्हणून खंदक भरायला वेगळं पाणी आणावं लागत नाही, आणि भोवतीची दलदल हीच तटबंदी. कड्याचं काम इथे चिखलाने केलं!

तेच पाणी गावभर विहिरींतून आणि झऱ्यांतून वर येतं. गेंचीची विहीर आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. किल्ल्याखालचं गाव वसण्याआधीपासूनची, ओगासावारा घराण्याच्या एका सरदाराच्या नावाची. गावावर जो जो सत्ताधीश आला त्याने हे पाणी घाण करू नये असा फलक तिथे लावला. आज तिथे लोक कॅन घेऊन येतात, भात आणि चहा त्याच पाण्यात करतात. मीही करते. २००८ साली इथल्या झऱ्यांच्या समूहाला देशातल्या शंभर उत्तम पाण्यांच्या नव्या यादीत जागा मिळाली. आमच्या गटातल्या बायका आळीपाळीने विहिरीभोवतीचं शेवाळ घासतात. त्यात पगार नाही, पद नाही.

हेच पाणी किल्ल्याला बाधलंही. त्याची गोष्ट शरदातली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किल्ल्याच्या भिंतींवरच्या काळ्या फळ्यांना नव्याने ‘उरुशी’ लावतात. उरुशी म्हणजे झाडाच्या चिकापासूनचं जपानी लाखेचं लेपन. दरवर्षी पावसाने आणि उन्हाने खराब झालेला लेप घासून काढायचा आणि पुन्हा चढवायचा. चोकाईच्या प्रमुखांबरोबर मी तो बघायला गेले. कारागीर मचाणावर बसून रुंद, आखूड केसांच्या कुंचल्याने एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओढत होता. ओला लेप तपकिरी दिसतो, वाळला की काळा होत जातो. त्या फळीत खंदकातल्या पाण्याची चमक हलताना दिसत होती. मी बराच वेळ तिथून हलले नाही.

१५०४ मध्ये इथे फुकाशी नावाचा छोटा किल्ला उभा राहिला. १५५० मध्ये शेजारच्या मुलखातला सरदार ताकेदा शिंगेन याने तो घेतला, १५८२ मध्ये ओगासावारा सादायोशीने परत मिळवला आणि नाव ठेवलं मात्सुमोतो. आजचा पाच छपरांचा, आत सहा मजल्यांचा, २९.४ मीटर उंच मनोरा उभारला तो इशिकावा बापलेकांनी, १५९३-९४ च्या सुमारास. बाप इशिकावा काझुमासा हा तोकुगावा इएयासू या बलाढ्य सरदाराची बाजू सोडून तेव्हा देशावर सत्ता असलेल्या हिदेयोशीकडे गेलेला, आणि किल्ला बांधला तोच मुळी इएयासूवर नजर ठेवायला. म्हणून भिंतीत बाणांची आणि बंदुकींची शंभरावर भोकं आहेत, तिसरा मजला बाहेरून दिसतच नाही आणि जिने शिडीसारखे, सगळ्यांत उभा ६१ अंशांचा. पुढे शांतता आली. चाळीसेक वर्षांनी इएयासूचाच नातू मात्सुदायरा नाओमासा इथला धनी झाला आणि त्याने मनोऱ्याला चांदणं बघायची खोली जोडली, तीन बाजूंनी उघडी, लाल कठड्याची. त्या खोलीत उभं राहिलं की वाटतं, लढाई संपल्याची पावतीच ही.

शेतकऱ्यांची लढाई मात्र संपली नव्हती. १६८६ मध्ये साऱ्याच्या वाढीविरुद्ध या खोऱ्यातले हजारो शेतकरी किल्ल्यापुढे जमले. पुढारी तादा कासुके, एका गावचा माजी पाटील. आधी मागण्या मान्य झाल्याचं सांगितलं, गर्दी पांगली, आणि मग धरपकड झाली. २८ जणांना मृत्युदंड दिला. लोक सांगतात, कासुकेने वधस्तंभावरून किल्ल्याकडे असं रोखून पाहिलं की मनोरा कलला. मनोरा खरोखरच कलला होता, मेइजी काळातल्या (१८६८-१९१२) जुन्या फोटोत तिरका दिसतो. कारण मात्र जमिनीखालचं. दलदलीवर एवढा भार पेलावा म्हणून दगडी जोत्याच्या आत सोळा जाड खांब उभे केले होते आणि ओलीने ते कुजले. आमचे प्रमुख दोन्ही गोष्टी सांगतात आणि पहिली सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. मला त्यांचं हे बरोबर वाटतं. खांब कुजले हे खरं, आणि तीनशेहून जास्त वर्षं लोकांनी त्या २८ जणांना विसरायला नकार दिला हेही तितकंच खरं.

पण माझ्या मनात घर करून बसलाय तो वेगळाच माणूस. १८७१ मध्ये सरदारांच्या जहागिऱ्या बरखास्त झाल्या आणि पुढच्या वर्षी सरकारने मनोरा लिलावात काढला. २३५ ऱ्योंना (ऱ्यो हे जुनं चलन) तो विकला गेला. घेणारा तो पाडून लाकूड आणि लोखंड विकणार होता. तेव्हा इचिकावा र्‍योझो नावाचा इथला एक माणूस पुढे झाला. तो सरदार नव्हता, सामुराईही नव्हता. होता ‘फुकु-कोचो’, वस्तीचा दुय्यम कारभारी. त्याने पाडकाम लांबवण्याची परवानगी मागितली, १८७३ पासून किल्ल्यातच प्रदर्शनं भरवली, तिकिटाचे पैसे जमवले आणि मनोरा परत मिळवला. पुढे तो पुन्हा कलायला लागला तेव्हा कोबायाशी उनारी नावाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी लोकांकडून वर्गणी काढून १९०३ ते १९१३ दुरुस्ती करवली. मग १९५० ते १९५५ मध्ये सरकारने संपूर्ण मनोरा उलगडून पुन्हा जोडला. देशात राष्ट्रीय ठेवा ठरलेले किल्ल्यांचे मनोरे आज पाचच आहेत. त्यातला हा वाचला तो एका वस्तीच्या कारभाऱ्यामुळे आणि एका मास्तरांमुळे. वर्गणीची वही हातात धरून मी किल्ल्यापुढे उभी होते, आणि इचिकावांच्याही हातात अशीच वही असणार, हे मनातून जाईना.

किल्ल्याच्या उत्तरेची काइची शाळाही अशीच उभी राहिली. १८७६ मध्ये तातेइशी सेइजू या इथल्याच सुताराने पाश्चात्त्य इमारती बघून आपल्या हाताने बांधलेली, अष्टकोनी मनोरा, दारावर देवदूत आणि खाली जपानी ड्रॅगन. खर्च सुमारे ११,००० येन, त्यातले सत्तर टक्के गावकऱ्यांनी दिले. शहरात मोठी आग लागली ती १८८८ मध्ये, दीड हजारांवर घरं जळाली. त्यानंतर नाकामाचीतल्या व्यापाऱ्यांनी जाड मातीच्या भिंतींची, वर काळ्या फरशा आणि पांढऱ्या चुन्याच्या जाळीची कोठारं बांधली. आज पर्यटक त्यांचे फोटो काढतात. आमच्या आजी त्यांच्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणतात, “ही आगीनंतरची.”

आगीचा आणि भूकंपाचा धाक इथे रोजचा आहे. देशाला उभी चिरणारी इतोइगावा-शिझुओका भ्रंशरेषा याच खोऱ्यातून जाते. २०११ च्या ३० जूनला ५.४ तीव्रतेचा धक्का थेट इथे बसला आणि किल्ल्याच्या भिंतींनाही भेगा पडल्या. उन्हाळ्याच्या अखेरीस सराव होतो. सकाळी भोंगा वाजला की प्रत्येक घराने दारावर पिवळा कपडा बांधायचा, म्हणजे ‘आम्ही ठीक’. माझं काम बारा दारं मोजायचं. एका दारावर कपडा नव्हता. एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या काकू. मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. मागच्या अंगणातून त्या टोमॅटोची टोपली घेऊन आल्या. भोंगा ऐकू आला नव्हता. सराव संपल्यावर आम्ही यादीत त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘आधी मागचं अंगण बघणे’. असल्या नोंदी डब्यात पुष्कळ आहेत, वेगवेगळ्या अक्षरांतल्या.

ऑक्टोबरात विभागाच्या कोमिनकानमध्ये नगरपालिकेच्या लोकांबरोबर बैठक झाली. तिथे या शहराचा कारभार खरा कसा चालतो ते दिसलं. २००५ मध्ये आजूबाजूची चार गावं आणि २०१० मध्ये हाता नावाचं गाव या शहरात आलं. क्षेत्रफळ ९७८ चौरस किलोमीटर झालं, कामिकोचीचं खोरं आणि उत्तर आल्प्सची शिखरंही नगरपालिकेच्या हद्दीत. २०२१ पासून मात्सुमोतोला ‘मध्यवर्ती शहरा’चा दर्जा आहे, त्यामुळे आरोग्यकेंद्रासारखी प्रांताची कामं शहराकडे आली. पण बैठकीत लोक विचारत होते, बर्फ पडलं की कुठल्या उतारावर आधी मीठ टाकणार, बसची फेरी का कमी झाली, आणि किल्ल्याचा दक्षिणेचा आणि पश्चिमेचा बाहेरचा खंदक कधी होणार. तो खंदक शंभरेक वर्षांपूर्वी बुजवून त्यावर घरं झाली. शहराने ती जमीन विकत घेत खंदक पुन्हा जिवंत करायचं ठरवलं, मग मातीत दूषित घटक सापडले आणि बेत बदलत गेले. एका आजोबांचं घर त्या जागेवर होतं. ते म्हणाले, “मी खंदकासाठी उठलो. खंदक बघूनच जाईन म्हणतो.” सभागृहात कुणी हललं नाही.

त्याच बैठकीत एक जुनी सल निघाली, ती निघतेच. मात्सुमोतो १८७१ पासून स्वतःच्या चिकुमा प्रांताची राजधानी होती. १८७६ मध्ये प्रांताची कचेरी जळाली, लगेच प्रांतच बरखास्त झाला आणि हे खोरं नागानोला जोडलं. आजही इथले लोक स्वतःला नागानोचे म्हणत नाहीत, या मुलखाच्या जुन्या नावाने ‘शिन्शू’चे म्हणतात. विद्यापीठाचं मुख्यालय इथे, बँक ऑफ जपानची शाखा इथे, विमानतळ इथे. १९४८ मध्ये प्रांत दोन करण्याचा ठराव मंजूर व्हायच्या बेतात असताना प्रेक्षक-सज्ज्यातून ‘शिनानो नो कुनि’ हे गाणं उठलं आणि ठराव बारगळला, असं सांगतात. १९६८ मध्ये तेच प्रांताचं गीत झालं. बैठक संपल्यावर दोघातिघांनी ते मला म्हणून दाखवलं, आणि खुर्च्या आवरणारे बाकीचेही म्हणू लागले.

जानेवारी हा कारभाऱ्याचा सगळ्यांत दमवणारा महिना. पहाटे उणे दहा, दारापुढचं बर्फ आठच्या आत बाजूला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी साखरेच्या गोळ्यांचा बाजार, ‘आमे-इची’. पूर्वी तो मिठाचा होता. समुद्र दूर, शत्रूंनी मीठ अडवलेलं. तेव्हा ताकेदा शिंगेनचा हाडवैरी उएसुगी केन्शिन याने १५६९ मध्ये मीठ पाठवलं आणि मिठाचे बैल इथे येऊन थांबले अशी आख्यायिका आहे. बैल बांधल्याचा दगड होनमाचीच्या कोपऱ्यावर अजून आहे, शिमेनावा हा पवित्र मानलेला गवताचा दोर बांधलेला. ‘शत्रूला मीठ पाठवणं’ हा जपानीत वाक्प्रचारच झाला. मी त्यांना आपलं ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ सांगितलं. आजींनी ते वहीत लिहून घेतलं.

आणि मग ‘सांकुरो’. बाकी जपान याला दोन्दोयाकी म्हणतो, सांकुरो फक्त या खोऱ्याचा. मुलं घरोघरी जाऊन नववर्षाच्या दारावरच्या पाइनच्या फांद्या, दोर, दारुमा या शुभ मानलेल्या गोल बाहुल्या गोळा करतात. आम्ही सुसुकीच्या काठावर बांबू उभे करून त्यावर ते सगळं रचलं, माणसाच्या दुप्पट उंचीचा शंकू. संध्याकाळी पेटवला. बांबूची पेरं बंदुकीसारखी फुटत होती. आग खाली बसल्यावर मुलं विलोच्या लांब फांद्यांना टोचलेले पांढरे, गुलाबी, हिरवे तांदळाच्या पिठाचे गोळे निखाऱ्यावर धरून बसली. ते खाल्ले की वर्षभर सर्दी होत नाही म्हणतात. होळी आठवली नसती तर नवल. एका लहान मुलीने तिचा भाजलेला गोळा माझ्यापुढे धरला, बाहेरून काळा, आत चिकट आणि गरम. “कुमिचो-सान, हा तुम्हाला,” ती म्हणाली. कुमिचो म्हणजे गटाचा प्रमुख. मला कुणी त्या नावाने हाक मारली ती पहिल्यांदाच.

मार्चमध्ये हिशोब केला. वर्गणी बाराही घरांची जमा, एक पावती दोनदा फाडलेली, तिच्यावर रेघ मारून सही. डब्याच्या तळाशी एक वही आहे, आजवरच्या सगळ्या प्रमुखांची नावं त्यात पाळीनुसार लिहिलेली, सुरुवातीची पानं शाईच्या कुंचल्याची. माझं नाव मी काताकानात, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत, लिहिलं आणि शेजारी देवनागरीत. आजींनी देवनागरीच्या शिरोरेघेवरून बोट फिरवून पाहिलं.

शेवटच्या रविवारी डबा घेऊन मी दुसऱ्या घरी गेले. नवीन जोडपं, दोघंही तिशीतले, टोकियोहून आलेले, बाळ कडेवर. मी वस्तू एकेक करून टेबलावर मांडल्या. तिने विचारलं, “यातलं सगळ्यांत आधी काय करायचं असतं?”

मी म्हटलं, “पुढच्या महिन्यात सेगी साफ करायचाय. सूचना आली की त्याच दिवशी फलक पुढे न्या. आणि बूट गुडघ्यापर्यंतचे हवेत, नसले तर माझे घेऊन जा.”